फेब्रुवारीतली कुलपं

पुण्यात एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो होतो. जेवायला बसलो तेव्हा शेजारी एक निवृत्त अधिकारी होते. गृहस्थ सज्जन. गाव विचारलं. मी बीड जिल्हा म्हटलं तसे म्हणाले, "आता तिकडंही सगळं बदललंय, गुरुजी. मागच्या वर्षी परळीला दर्शनाला जाऊन आलो. गावोगावी स्लॅबची घरं, दारात मोटारसायकल, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. मागासलेपण म्हणून अजून किती दिवस रडायचं? माणसं बरी आहेत की!"

माझ्या तोंडात जिलेबी होती. मी नुसती मान हलवली. घरी आलो आणि त्या हललेल्या मानेची मला लाज वाटली. तेव्हा जे बोललो नाही, ते इथं लिहितो आहे.

ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते मी स्वतःच्या हातानं सरकारच्या कागदावर लिहून दिलेलं आहे. २०११ च्या जनगणनेच्या कामाला आम्हा प्राथमिक शिक्षकांना जुंपलं होतं. ते काम दोन टप्प्यांत झालं. पहिला टप्पा घरं मोजायचा, तो आमच्याकडं २०१० च्या उन्हाळ्यात. पस्तीस प्रश्नांचा तक्ता होता. भिंत कशाची, छप्पर कशाचं, दिवा कशाचा, पाणी कुठून, संडास आहे का, टीव्ही, मोबाइल, मोटारसायकल आहे का. मी दारोदार फिरलो. माझ्या धाकट्या भावाचं घरही माझ्याच वाट्याला आलं. घरकुलात मिळालेली एक खोली, वर स्लॅब. टीव्ही आहे. मोबाइल आहे. जुनी का होईना, मोटारसायकल आहे. मी रकाने भरले. भावजय पदर सावरून दाराआड उभी होती. मी विचारलं, "बरं आहे ना सगळं?" आतून आवाज आला, "बरं हाय, दादा."

दुसरा टप्पा माणसं मोजायचा, २०११ च्या फेब्रुवारीत. तीच वस्ती, तीच घरं, तोच मी. आणि दाराला कुलूप. भावाच्या दाराला कुलूप, शेजारच्या दाराला कुलूप, त्याच्या पलीकडंही कुलूप. एखाद्या ओट्यावर म्हातारी, तिच्या मांडीवर नातू. बाकी गल्लीत कुत्रीसुद्धा कमी. उन्हाळ्यात ज्या घरांत मी टीव्ही आणि मोटारसायकली लिहिल्या होत्या, त्या घरांतली माणसं तेव्हा सांगलीत, कोल्हापुरात, साताऱ्यात, कुणी पार कर्नाटकात, उसाच्या फडात कोप्या घालून राहत होती.

वस्तू मोजायला गेलो तेव्हा घर भरलेलं दिसलं आणि माणसं मोजायला गेलो तेव्हा घर रिकामं सापडलं. आमच्याकडच्या विकासाबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच. पण ते नीट कळावं म्हणून थोडं मागं जावं लागेल.

आमचे आबा ऊसतोड कामगार. ७२ च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, पुढं कोयता हातात घेतला तो सुटला नाही. दिवाळी झाली की बैलगाडीत भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं आणि लेकरं भरायची आणि निघायचं. मला आजीनं गावात ठेवून घेतलं. का, तर मी तापानं आजारी होतो, गाडीत टिकलो नसतो. त्या तापामुळं मी शिकलो. धाकटा धडधाकट होता, म्हणून तो फडात गेला. बैलांना वाढं टाकायचं, कोपीत तान्ह्या बहिणीला सांभाळायचं, असं करत करत त्याची शाळा कधी सुटली ते कुणाला कळलंही नाही. एका घरातले दोन भाऊ. एकाला दरमहा पगार, एकाला दरसाल उचल. लोक म्हणतात, गुरुजी हुशार निघाले. हुशारी कसली? तापाची कृपा.

आता ही उचल काय असते ते शहरातल्या वाचकासाठी सांगतो. गावातल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस नव्हे, जोडपं हे कामाचं माप. पावसाळ्यात मुकादम येतो आणि कोयत्याला लाखभर, कधी त्याहून जास्त रक्कम आगाऊ देतो. ती उचल. ती घेतली की पुढचा हंगाम विकला गेला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. जोडपं पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन ऊस तोडतं, मोळ्या बांधतं, गाडीत भरतं. म्हणजे दोघांचे दिवसाला ७३२ रुपये. दीडशे दिवस एकही खाडा न करता राबले तर १ लाख ९ हजार ८०० रुपये. लाखाची उचल फिटली, वर राहिले नऊ हजार आठशे. पण कुणाला ताप येतो, कुणाचं लेकरू आजारी पडतं, पाऊस पडून फड चिखलात जातो. खाडा झाला की मजुरी तर बुडतेच, वर कितीतरी टोळ्यांत मुकादम दंडही लावतो. मग पट्टा पडल्यावर उचल फिटायच्या ऐवजी अंगावर बाकी निघते. ती बाकी पुढच्या सालाला फिरते. म्हणजे पुढच्या दिवाळीलाही जायचं ते ठरलेलं.

त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी दारात पाहिलेली मोटारसायकल या पैशातली. ती कमाई नव्हे. अजून न केलेल्या कामाचं, अजून न मोडलेल्या कमरेचं ते कर्ज. दारात उभी असते म्हणून श्रीमंती वाटते.

आणि कंबर मोडते ती कोणाची? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारनं समिती नेमली, पाहणी झाली, आणि पिशवी काढलेल्या बायकांचा आकडा तेरा हजारांच्या वर निघाला. राज्य हादरलं म्हणे. आमची गल्ली काही हादरली नाही, कारण तिला ते आधीपासून ठाऊक होतं. माझ्या भावजयीची पिशवी तिच्या तिशीच्या आतच काढली होती. पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. फडात ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसं पाणी, ना विसावा. एका खाजगी डॉक्टरानं सांगितलं, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पैसे मुकादमाकडूनच घेतले. ती उचलही पुढं तिनंच तोडून फेडली. मला हे दोन वर्षांनी कळलं, तेही माझ्या बायकोकडून. म्हणजे मी तिच्या दारात तक्ता घेऊन उभा होतो आणि "बरं हाय, दादा" ऐकून पुढच्या घराकडं वळलो, तेव्हा ती त्या दुखण्यातूनच गेलेली होती. माझ्या पस्तीस प्रश्नांत तिच्या अंगाबद्दल एकही प्रश्न नव्हता. पण मी गुरुजी होतो, जेठ होतो. रकान्याबाहेरचं विचारायला मला कुणी बंदी केली नव्हती.

आता कुणी म्हणेल, हे एका जिल्ह्याचं रडगाणं झालं. राज्य तर पुढं गेलं ना? गेलंच आहे. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून बरंच वर आहे. पण ते मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यानं वर ओढलेलं आहे. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, हिंगोली यांना त्या यादीत तळाशी शोधावं लागतं. सरासरी हा मोठा लबाड प्रकार आहे. एकाच्या ताटात चार भाकरी आणि दुसऱ्याचं ताट रिकामं, तर सरासरीनं दोघंही दोन दोन भाकरी खाऊन ढेकर देतात.

ही गोष्ट राज्यकर्त्यांना माहीत नव्हती असं नाही. १९५३ च्या नागपूर करारातच लिहिलं होतं की लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल आणि मराठवाड्याकडं खास लक्ष दिलं जाईल. १९६० ला राज्य झालं. अनुशेष किती हे मोजायला १९८३ साली वि. म. दांडेकरांची समिती बसली. तिनं राज्याची सरासरी धरून कोणता जिल्हा किती मागं आहे ते काढलं, आणि आकडा निघाला ३,१८६ कोटींचा. १९९४ ला घटनेच्या ३७१ व्या कलमाखाली विकास मंडळं झाली. पुढं विजय केळकरांची समिती, तिचा अहवाल २०१३ चा. एप्रिल २०२० मध्ये विकास मंडळांची मुदत संपली. आमच्या गावात त्याची कुणाला खबरही नव्हती, कारण ती होती तेव्हाही नव्हती. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५ ला मंजूर झाला. बीडला नगरहून गाडी लागली ती सप्टेंबर २०२५ ला. मंजुरीच्या साली जन्मलेलं पोर तोवर तिशीला आलं, आणि बहुधा कोयत्यालाही लागलं.

पण सगळं खापर पश्चिम महाराष्ट्रावर फोडून मोकळं व्हायचं, हा आमच्याकडच्या पुढाऱ्यांचा आवडता खेळ आहे, आणि तोही मला मान्य नाही. विदर्भातल्या वसंतराव नाईकांनी अकरा वर्षं राज्य चालवलं. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण हे सगळे मुख्यमंत्री मराठवाड्याचेच. भाषणात आम्हाला न्याय मागणाऱ्यांनी आमच्याच दुष्काळी मुलखात साखर कारखाने काढले, आणि पाणी उसाकडं वळलं. मग एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणायची वेळ आली. पाऊस कमी हे खरं. पण आहे ते पाणी कुणाच्या शेतात जायचं, हे काही ढग ठरवत नाहीत.

आणि पश्चिम महाराष्ट्र म्हणजे सगळी सोन्याची कौलं, असंही नाही. माण, खटाव, जत हे तालुके विचारून पाहा. इकडं छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांचं उत्पन्न मराठवाड्याच्या नावावर मांडलं जातं, त्यातला किती पैसा पाटोदा, शिरूर, धारूरच्या डोंगरात चढतो? विभागाविभागात भांडण लावलं की तालुक्या-तालुक्यातली, गल्ली-गल्लीतली दरी झाकली जाते. माझ्याच गावात पगारदाराची गल्ली आणि कोयत्याची गल्ली यांत तीन मिनिटांचं अंतर आहे. ते मी रोज चालतो.

काहीच सुधारलं नाही असं म्हणणं म्हणजे शुद्ध कृतघ्नपणा होईल. आबांनी ७२ ला जे भोगलं ते आज कुणी भोगत नाही. रेशनचं धान्य येतं. उपाशी कुणी मरत नाही. हंगामी वसतिगृहांमुळं काही लेकरं गावात राहतात. पण न मरणं आणि बरं असणं यांच्यामध्ये फार मोठा रस्ता आहे. त्या रस्त्याच्या पहिल्याच मैलावर उभं करून "पोचलात की!" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

माणूस बरा आहे का, हे मोजायचं माझं माप साधं आहे. वर्षातले किती महिने तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीनं राहू शकतो? तो जातो तेव्हा लेकराची शाळा त्याच्याबरोबर जाते का? आणि परत येतो तेव्हा त्याच्या अंगावर बाकी असते का? नोकरीसाठी पुण्यालाही माणसं जातातच. पण ती उचल घेऊन जात नाहीत, आणि जाताना त्यांच्या बायकोला अर्धा कोयता म्हणत नाहीत.

२०२७ च्या जनगणनेतही माणसं फेब्रुवारीतच मोजायची ठरली आहेत. आमच्या बाजूला येणाऱ्या मोजणीदाराला माझं सांगणं आहे, बाबा, कुलूप दिसलं की पुढं जाऊ नको. ओट्यावरच्या म्हातारीला विचार, कुठं गेलीत, कधी गेलीत, किती उचल घेऊन गेलीत. रकाना नसला तर कागदाच्या कडेला लिही. मी लिहिलं नव्हतं.

आणि त्या निवृत्त अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. साहेब, पुढच्या वेळी दर्शनाला याल तेव्हा फेब्रुवारीत या. स्लॅबची घरं तशीच दिसतील. मी स्टॅंडवर घ्यायला येतो. कुलपं दोघं मिळून मोजू.

परवा भावाचा फोन आला होता. पन्नाशी उलटली त्याची, तरी फडातच आहे. मागं गाडी भरायचा गलका चालू होता. मी विचारलं, "कसं चाललंय?"

म्हणाला, "बरं हाय, दादा."

या वेळी मी फोन ठेवला नाही. म्हटलं, "बरं म्हणजे काय ते सांग." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूहळू सांगायला लागला.