पहारेकरी कोठें राहावा?

जुन्या मोठ्या वाड्याची व्यवस्था ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ही रचना परिचयाची असेल. वाडा एक, बिऱ्हाडें अनेक. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळें. परंतु पाया, भिंती आणि विहीर मात्र सर्वांची एकच. आजच्या सुशिक्षित घरांत संगणकाचा असाच एक वाडा उभा राहूं लागला आहे. एकाच संगणकाचे अनेक भाग पाडतां येतात व प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. त्यास आभासी संगणक म्हणतात. एकांत कुटुंबाचीं छायाचित्रें, दुसऱ्यांत जमिनीचे व हिशेबाचे कागद, तिसऱ्यांत दारावरील कॅमेऱ्याचें चित्रण, अशी ती वांटणी असते. हें काम करणारी ‘प्रॉक्समॉक्स’ ही प्रणाली व्हिएन्ना येथील कंपनीनें २००८ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य वापरतां येते.

दुसरी प्रणाली ‘होम असिस्टंट’. पाउलुस स्खाउट्सेन या अभियंत्यानें तिचा आरंभ २०१३ सालीं केला. दिवे, पाण्याचा पंप, टाकीची पातळी, दाराची घंटा या सर्वांची खबर ती एका पडद्यावर आणते आणि प्रसंगीं मोबाईलवर निरोप धाडते. या दोन प्रणालींची सांगड घातली, म्हणजे कोणता आभासी संगणक चालू आहे व कोणता बंद पडला, हें पंपाच्या खबरीइतकेंच सहज कळूं लागतें.

भूमसारख्या तालुक्याच्या गांवीं ह्या सोयीचें महत्त्व विशेष आहे. वडील मंडळी गांवीं, मुलें-सुना पुण्यास किंवा परदेशीं, हें चित्र आतां घरोघरचें झालें आहे. उन्हाळ्यांत ऊन्ह तापतें, वळवाच्या वादळांत वीज जाते, आणि माळ्याखालीं ठेवलेला संगणक निमूटपणें बंद पडतो. सासूबाईंच्या औषधोपचाराचे कागद ऐन गरजेच्या वेळीं उघडले नाहींत, तर त्या क्षणीं दूर असलेल्या मुलानें काय करावें? म्हणून पहारा हवा, याविषयीं दुमत नाहीं. प्रश्न आहे तो पहारेकऱ्याची नेमणूक कशी करावी, हा.

पहिली गोष्ट किल्लीची. जोडणी करतांना होम असिस्टंट प्रॉक्समॉक्सचें खातें मागतें. त्या वेळीं सर्वाधिकार असलेलें ‘रूट’ खातें देण्याचा मोह होतो, कारण तें आधींच तयार असतें. पण हा तर देवडीवरच्या शिपायाच्या हातीं तिजोरीची किल्ली देण्याचा प्रकार झाला! होम असिस्टंट घरांतील अनेकांच्या मोबाईलवर असतें. त्यांतला एखादा चोराच्या हातीं लागला, तर वाड्यांतलें प्रत्येक बिऱ्हाड उघडें पडावें काय? यासाठीं प्रॉक्समॉक्समध्यें ‘पीव्हीई ऑडिटर’ नांवाची भूमिका आधींपासूनच आहे. ती ज्यास दिली त्यास पाहतां येतें, कांहीं बदलतां येत नाहीं. पहाऱ्यासाठीं स्वतंत्र खातें काढून त्यास एवढाच अधिकार द्यावा.

दुसरी गोष्ट निवासाची. आणि घोटाळा बहुधा येथेंच होतो. बहुतेक ठिकाणीं होम असिस्टंट त्याच संगणकाच्या एका आभासी भागांत बसविलेलें असतें. शेजारचें एखादें बिऱ्हाड बंद पडलें, तर तें खबर देईल. परंतु सगळा वाडाच काळोखांत बुडाला, तर पहारेकरीही त्यांतच बुडतो. निरोप येत नाहीं, आणि पुण्यास बसलेला मुलगा समजतो कीं सर्व क्षेम आहे. ही शांतता कुशलाची नव्हे. ती मुकेपणाची आहे. भूम तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. कढईवरचा माणूस ‘कोणी ओरडलें नाहीं, म्हणजे दूध करपलें नाहीं’ असें मानून पाठ फिरवीत नाहीं. आपणही मानूं नये.

उपाय दोन आहेत. शक्य असेल तर होम असिस्टंट ‘रास्पबेरी पाय’सारख्या निराळ्या लहान संगणकावर ठेवावें. तें जमत नसेल, तर घरानें ठराविक वेळानें ‘ठीक आहे’ असा निरोप गांवाबाहेरच्या एखाद्या सेवेकडे पाठवावा, आणि तो न पोंचल्यास त्या सेवेनें हांकाटी करावी. म्हणजे निरोपाचा अभाव हाच निरोप ठरतो. घर निराळ्या संगणकाकडे असलें तरी वीज सर्वांची एकच जाते. म्हणून हा दुसरा उपाय पहिल्याच्या जोडीलाही असावा. संगणकास बॅटरीचा आधार द्यावा, आणि राउटरही तिच्यावरच ठेवावा; नाहींतर संगणक जागा, पण वाट बंद, अशी स्थिति होईल. बॅटरीची खबरही होम असिस्टंटमध्यें आणतां येते.

मात्र पहारा म्हणजे राखण, प्रत नव्हे. तबकडी निकामी झाल्याची वार्ता वेळेवर मिळाली, तरी तिच्यावरचीं छायाचित्रें त्या वार्तेनें परत येत नाहींत. त्यांची दुसरी प्रत निराळ्या जागीं असलीच पाहिजे.

शेवटीं एक विनंति घरच्या कर्त्या मंडळींस. सगळे निरोप दूरच्या मुलाच्याच मोबाईलवर जावेत, असें करूं नका. घरीं असलेल्या वडिलांना किंवा वहिनींनाही ते मिळावेत, शुद्ध मराठींत मिळावेत. संगणकाशेजारीं मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा : कोणता दिवा लागलेला असावा, विझला तर कोणतें बटण दाबावें, कोणतें मुळींच दाबूं नये. सर्व मंडळी सणासाठीं एकत्र जमतील तेव्हां एखादा बिनमहत्त्वाचा आभासी संगणक मुद्दाम बंद करा, आणि निरोप कोणाकोणास पोंचतो तें पाहा. ज्यांच्या उशाशीं तें यंत्र अहोरात्र चालतें, त्यांना तें परकें वाटूं नये.