नाकाच्या हुकमातला बीगल

फ्लॅटमध्ये मावेल एवढा आकार, मुलांशी चटकन जमणारी गट्टी आणि डोळ्यांत कायमची विनवणी, एवढ्यावर भाळून पुण्या-मुंबईची अनेक घरं बीगल आणतात. त्याचं मूळ काम कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये बीगलांचा कळप सशांच्या मागावर सोडत आणि शिकारी पायीच त्यांच्यामागे जात. नजरेपेक्षा नाकावर भिस्त, माग लागला की दूरवर ऐकू जाईल असा लांब हेल, न थकता पळण्याची चिकाटी, ही सगळी जडणघडण त्या कामासाठीची. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ पासून विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायला बीगलच नेमले. वास लागला की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही. तो हट्टी नसतो, कामावर असतो! म्हणून रस्त्यावर त्याचा पट्टा कधीच सोडू नये. खाण्याबाबत तो अधाशी. वाटी मोजूनच द्यावी, कारण दहा-अकरा किलोंचा कुत्रा बघता बघता फुगतो आणि भार सांध्यांवर, मणक्यावर येतो. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, पावसाळ्यात ओल साचते. आठवड्याला कान तपासून पुसावेत. आखूड केसही भरपूर गळतात, ब्रश हवाच. दिवसभर एकटा कोंडला, तर तक्रार सगळ्या सोसायटीला ऐकवतो. रोज तासभर त्याला मनसोक्त हुंगू देत फिरवायला सवड नसेल, तर बीगल आणू नका.