रात्री आठची वीज कुठून येणार?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, भारत सरकार
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,



मी पाटण तालुक्यातला शेतकरी. आमच्या एका अंगाला कोयनेचे धरण, दुसऱ्या अंगाला वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या. आमचा शेतीचा फीडर सौर प्रकल्पाला जोडला गेला आणि कित्येक वर्षांनी मी उसाला दिवसा दारे धरली. त्याआधी थ्री-फेज यायची रात्री एकला. हातात बॅटरी, पाय चिखलात, पाचटात काय वळवळतेय याची भीती, आणि मी परत येईपर्यंत घरचे जागे. तो जाच संपला, त्याबद्दल मनापासून आभार.

पण माझ्या शेताची दुपार सुटली, देशाची रात्र अजून सुटलेली नाही.

जून २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, तोही ठरल्यापेक्षा पाच वर्षे आधी. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. तरी वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच आहे. मेगावॅटने ताकद कळते, काम किती झाले ते युनिटवर कळते. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली, ती दुपारी, सूर्य मदतीला असताना. दिवेलागणीनंतर तो नसतो. पंखे, एसी, मिक्सर मात्र घरोघरी सुरू असतात. तेव्हा मुख्य भार चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांवर येतो. शिवाय हे सगळे नुसत्या विजेचे झाले. देशाच्या एकूण ऊर्जावापरात वीज साधारण पाचवा हिस्सा. ट्रकचे डिझेल आणि पोलादाच्या कोळशावरच्या भट्ट्या अजून विजेबाहेरच आहेत.

तरीही कोळशावाचून रात्र निभावणे जमेल, असे मला वाटते. आषाढात ढग सूर्याला झाकतात तेव्हाच आमच्या पठारावरची पाती सर्वांत जोरात फिरतात; ऋतूंची पाळी ऊन आणि वारा बऱ्याच अंशी आपसात सांभाळतात. उरते रोजची संध्याकाळ. बॅटऱ्या लागतीलच, पण सह्याद्रीने दिलेली उंचीही आपल्याकडे आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. मागणी कमी असते तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. चार युनिट घातली तर तीनच्या आसपास परत मिळतात, पण नेमकी हवी तेव्हा मिळतात. कोयना तर १९६० मेगावॅटची. पाणीतंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे वीजनिर्मितीसाठी तिचे ६७.५ टीएमसी पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळवता येते. ते संध्याकाळसाठीच राखा, दुपार सूर्यावर सोपवा.

सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारने करार केले आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण माझ्या आत्याचे सासर कोयनेच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या, पाण्याखाली आहे. तिच्या दिराला जमीन मिळाली ती परजिल्ह्यात, आणि सातबाऱ्यावर नाव लागायला त्याचा नातू कर्ता व्हावा लागला. कोयनेच्या धरणग्रस्तांना अजूनही आंदोलनाला बसावे लागते. नव्या तलावासाठी मोजणीदार गावात आला की लोकांना हेच आठवते. त्यांना विकासाचे विरोधक म्हणू नका.

म्हणून विनंती अशी. रोज रात्री आठ वाजता ऊन, वारा, पाणी, अणू, कोळसा आणि साठवण यांतून किती वीज आली, हे प्रत्येक राज्याने तिथल्या लोकांच्या साध्या भाषेत, वीजबिलावर छापून कळवावे. कोळशाचा वाटा कोणत्या वर्षी किती उतरवणार, तेही त्याच कागदावर असावे. आणि उदंचनाच्या नव्या तलावासाठी पहिली कुदळ पडण्याआधी कोयनेच्या उरलेल्या प्रत्येक कुटुंबाचा सातबारा त्याच्या हातात द्यावा.

आपला,
पाटण तालुक्यातील एक शेतकरी