मागच्या सीटवरही हेल्मेट हवेच

एक्स्प्रेस वेवर मोटारसायकलला बंदी आहे. त्यामुळे लोणावळा, कामशेत, वडगावच्या वस्त्यांतून तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत जाणारे आपले लोक जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने, ट्रक-कंटेनरच्या शेजारून जातात. पावसाळ्यात रस्ता निसरडा, लोणावळ्याकडे दाट धुके आणि रात्रपाळी सुटल्यावर डोळ्यांवर झोप.

चालवणारा निदान हेल्मेट घालतो. मागे बसलेली बायको, बहीण मात्र उघड्या डोक्याने. गाडी घसरली तर दोघेही त्याच डांबरावर आपटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांवरील मुलांनासुद्धा. नियम मोडला तर दंड होतो. पण डोक्याला मार लागला तर दवाखान्याचे बिल घर विकायला लावते, आणि हातावर पोट असलेल्या घरात बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

म्हणून घरात दुसरे हेल्मेट आधी घ्या, नवा मोबाइल नंतर. आयएसआय शिक्का बघा, हनुवटीखालचा पट्टा लावा, एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. कंत्राटी कामगारांनी एकजुटीने कंपनीकडे बसही मागावी. घरातल्या बाईचे डोके पुरुषाच्या डोक्यापेक्षा स्वस्त नाही.