मोकळ्या बालपणाचा हिशेब

साठी ओलांडलेली चार माणसे एकत्र आली की हल्ली एक विलाप हमखास सुरू होतो. ‘आम्ही दिवसभर उन्हात हुंदडत असू, दिवेलागणीला घरी परतत असू, तोवर आम्ही कुठे आहोत याची घरात कुणाला फिकीर नसे, आजची मुले बिचारी पिंजऱ्यात वाढतात.’ मल्लेश्वरमच्या मराठी घरांत हा सूर ऐकू येतो, तसाच पुण्याच्या सदाशिव पेठेतही. त्यातली हळहळ खोटी नाही. परंतु त्या हळहळीत जो अहंकार दडला आहे आणि तिच्याआड जी जबाबदारी झाकली जाते, त्या दोहोंचा समाचार आता घेतला पाहिजे.

हे मोकळे बालपण नेमके कोणाचे? १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे बालपण वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या पहाऱ्यात गेले आणि अकराव्या वर्षी लग्न होऊन तेही संपले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे सांगायला नको. पुढच्या पिढ्यांत लग्नाचे वय वाढले, तरी भाऊ मैदानावर असताना बहीण धाकट्याचा पाळणा हलवीत होती आणि त्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी उन्हात हुंदडत नव्हती, राबत होती. आपण ज्याला ‘आमचे बालपण’ म्हणतो ते बहुधा खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलग्यांचे बालपण होते. शिवाय आठवणी सांगायला जे उरले तेच आठवणी सांगतात. विहिरीत बुडालेल्या सवंगड्याची बाजू या मैफलीत कोण मांडणार?

दुसरा भ्रम असा की त्या काळी देखरेख नव्हती. वस्तुतः देखरेख होती, फक्त ती एका आईच्या माथी मारलेली नव्हती. ओट्यावरची आजी, कोपऱ्यावरचा फुलवाला, समोरच्या घरातले निवृत्त मास्तर या साऱ्यांना कुठला पोर कुणाचा हे ठाऊक असे. ‘श्यामची आई’मधला श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, तेव्हा आईच त्याला बाहेर ओढते आणि मारून विहिरीकडे पिटाळते. मोकळीकसुद्धा कुणीतरी द्यावी लागते आणि झेलायला कुणीतरी उभे राहावे लागते. मल्लेश्वरममधल्या कॅनरा युनियनच्या सभागृहात लग्नकार्य नसेल त्या दिवशी प्रकाश पदुकोण बॅडमिंटन खेळले आणि १९८० साली ऑल इंग्लंड विजेते झाले. मोठ्यांच्या कार्यासाठी बांधलेली वास्तू मुलांच्या खेळासाठी मोकळी ठेवणारा एक समाज त्या यशामागे होता.

आता भीतीविषयी. ‘काळच वाईट आला आहे, मुलांना बाहेर कसे सोडावे?’ असे आपण म्हणतो. पण मल्लेश्वरमचा जन्मच मुळी भीतीतून झाला. १८९८ च्या प्लेगने बंगळूरच्या दाट पेठेत थैमान घातले, आणि त्यानंतर मोकळी हवा मिळावी म्हणून ही वस्ती आखण्यात आली. रुंद रस्ते, ओळीने क्रॉस, घराभोवती अंगण, घरामागून जाणारे सफाईचे बोळ. मृत्यूच्या भयाने ग्रासलेल्या त्या पिढीने भिंती उंच केल्या नाहीत. तिने जागा मोकळी सोडली. तिच्या त्या भीतीच्या पुण्याईवर आपण अंगणात गोट्या खेळलो आणि बोळात क्रिकेट.

आपल्या भीतीने काय केले? अंगण विकसकाच्या हवाली केले, फाटकावर पहारेकरी बसवला, खिडक्यांना गज ठोकले. बंगळूरमधल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे; ज्या क्रॉसवर लगोरी मांडली जाई तिथे आज दुतर्फा मोटारी उभ्या आहेत. उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा राखण्यासाठी राज्याने १९८५ साली कायदा केला. परंतु कायदा अंगण परत आणीत नाही आणि शेजाऱ्याच्या मुलाकडे लक्षही ठेवीत नाही. या मोटारी परक्या कुणी आणून ठेवल्या नाहीत, आणि ते अंगण विकणारी सहीही परक्याची नव्हती. विलाप करणारे आणि विकणारे हात एकच आहेत.

म्हणून नातवाच्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवून सुटका होणार नाही. त्याच्या पायांखालची जमीन आपण काढून घेतली आणि वर त्याच्या बसून राहण्याला आपण नाव ठेवतो, हा उघड अन्याय आहे. मागायचेच असेल तर जुने बालपण मागू नये. त्यात बहिणीचा वाटा नव्हता. मागावी ती मोकळी जागा आणि वाटून घेतलेली राखण, आणि तीही आपल्या खर्चाने. निदान आपल्या क्रॉसवर संध्याकाळचे दोन तास मोटार काढून घ्यावी, ओट्यावर खुर्ची टाकावी, आणि समोर खेळणारी मुलगी कुणाची आहे याची चौकशी करावी. एवढे ज्याला जमत नाही त्याने निदान आपल्या बालपणाची बढाई नातवंडांना ऐकवू नये.