प्रश्नानंतरचे ३ सेकंद

शिक्षक प्रश्न विचारतात, पहिल्या बाकावरचा हात वर जातो, उत्तर मिळतं, धडा पुढे सरकतो. शेवटच्या बाकावर मात्र कुणीतरी ओठांशी आलेलं उत्तर गिळून टाकतं. १९७०च्या दशकात अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना आढळलं, की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. ते ३ सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरं सविस्तर झाली, गप्प मुलं बोलू लागली. मागे राहणाऱ्या मुलांपर्यंत पोचण्यासाठी आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. दोन्हींतून दिसतं ते एकच: मूल निर्धास्त असेल, तर ते अधिक सहज शिकतं. शिक्षकहो, उद्या प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा आणि शेवटच्या बाकाकडे बघा.