जुन्या गल्ल्यांचा वाली कोण ?

दरवर्षीं पावसाळा जवळ आला कीं, मुंबईच्या जुन्या भागांतील अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते, रहिवाशांस नोटिसा जातात, आणि पाऊस सरला कीं ती यादी पुढील वर्षापर्यंत दप्तरांत निजते. मांडवी, भुलेश्वर, गिरगांव येथील कित्येक कुटुंबें लांकडी टेकूंच्या भरंवशावर संसार करितात. यांचा वाली कोण, असें विचारिलें तर भाडेकरू मालकाकडे, मालक सरकाराकडे व सरकार बिल्डराकडे बोट दाखवितें. आमचें उत्तर निराळें आहे. गल्लीचा वाली गल्लीच होय. तिनें स्वतःचें भांडवल उभारल्यावांचून तिचा उद्धार होणें नाहीं.

वरून लादलेल्या सुधारणेचा अनुभव या शहरानें पुरता घेतला आहे. १८९६ सालीं मांडवींत प्लेग उद्भवला व १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्त्या तोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे प्रशस्त रस्ते काढिले. हवा खेळूं लागली हें खरें. पण ज्यांचीं घरें पडलीं त्यांतील पुष्कळांस शेजारच्याच चाळींत अधिक दाटीनें राहावें लागलें. पुढें १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० च्या मानानें गोठविलीं. महर्गतेंत भाडेकरूंस अभय देणें न्याय्यच होतें. परंतु तें गोठणें पिढ्यान्‌पिढ्या चाललें. मालकास दुरुस्ती परवडेना, आणि जें आपल्या मालकीचें नव्हे त्यांत भाडेकरूनें पैसा कां घालावा ?

याउलट स्वावलंबनाचीं उदाहरणें पाहा. १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली. देशांतील सहकारी घरबांधणीच्या आद्य संस्थांत तिची गणना होते. आपल्या काळांत, २००९ सालीं, दाऊदी बोहरा समाजाच्या विश्वस्त संस्थेनें भेंडीबाजारांतील १६.५ एकर क्षेत्रांतल्या सुमारें २५० इमारती व ३,२०० कुटुंबें यांच्या पुनर्वसनाचें काम अंगावर घेतलें. २०२० सालीं पहिले मनोरे पुरे झाले. विलंबाची किंमतही तेथेंच दिसली: ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं त्याच भागांतील एक जुनी इमारत कोसळून तीसांहून अधिक जीव गेले.

या दोन्ही उद्योगांच्या मुळाशीं पैशापेक्षां परस्परविश्वास अधिक होता, आणि तो विश्वास जातीचा वा पंथाचा होता. आमच्या बहुतेक गल्ल्या मात्र मिश्र आहेत. तळमजल्यावर एकाची पेढी, माडीवर दुसऱ्याचें बिऱ्हाड, पोटमाळ्यावर तिसऱ्याचा कामगार. तेव्हां जो विश्वास आपण जातभाईवर टाकितों तो शेजाऱ्यावर टाकण्यास शिकणें, हीच खरी सुधारणा होय. एकाच जिन्यावरून उतरणाऱ्यांचें हित एक असतें. छत पडतें तें जात विचारून पडत नाहीं.

कोणी म्हणतील, बिल्डर फुकट घर देत असतां ही यातायात कशास ? फुकट कांहींच नसतें. वाढीव चटईक्षेत्र विकून जो नफा होतो तोच त्या घराची किंमत. उपकरप्राप्त इमारतीची पुनर्बांधणी भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसही करितां येते, आणि २०१९ सालीं राज्य सरकारनें गृहसंस्थांच्या स्वयंपुनर्विकासास सवलतीही जाहीर केल्या. दार उघडें आहे. आंत पाऊल टाकणारा पाहिजे. मात्र मालकासही त्याचा न्याय्य वांटा द्यावा, आणि हिशेब दर तिमाहीस सर्वांसमक्ष वाचावा. नाहीं तर सहकाराच्या नांवावर चार पुढाऱ्यांचीच सोय व्हावयाची.

व्यापारी बंधूंस आमचें विशेष सांगणें आहे. ज्या गल्लीनें तुमची पेढी थोर केली, तिचा पैसा उपनगरांतील बंगल्यांत घालून तिला टेकूंवर सोडणें हा व्यवहारही नव्हे व धर्मही नव्हे. येत्या पाडव्यास वहीपूजन कराल, तेव्हां गल्लीच्या इमारत-निधीचें एक खातें त्या वहींत उघडा, आणि पहिली रक्कम त्याच दिवशीं जमा करा.